केस वाळेपर्यंत

दोन हजार बावीस साल सरत आलं होतं. डिसेंबरातला रविवार होता. करंजाड्याला त्या वर्षी जरा बरी थंडी पडली होती आणि चौथ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत ऊन येऊन बसलं होतं. सगुणा बुटक्या स्टुलावर बसली होती. तिच्या पुढ्यात, चटईवर, पाठमोरी तिची लेक संध्या. दोन दिवसांसाठी माहेरी आलेली, केस मोकळे सोडून. बाजूला वाटीत कोमट खोबरेल, त्यात कडुनिंबाची पानं तळून काढलेली. पातेल्यात भिजवून वाटलेली मेथी आणि आंबट दही. अर्धं लिंबू. चुलीवरून, म्हणजे आता गॅसवरूनच, उतरवलेला शिकेकाईचा काढा. आल्या आल्या संध्या म्हणाली होती, "आई, कोंडा खूप झालाय गं. तुझं ते मेथीचं लाव ना." सगुणाला बरं वाटलं होतं. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पोरीनं कधी तेलाची वाटी पुढे केली नव्हती. तिचे केस पार्लरातले, तिचा शाम्पू बाटलीवर पान-फुलाचं चित्र असलेला. आज आपण होऊन मागते म्हटल्यावर सगुणानं मेथी जरा जास्तच भिजत घातली. बोटं तेलात बुडवून तिनं भांगापासून सुरुवात केली, कानामागं गेली, मग टाळूच्या मागं, जिथं डोकं उतरायला लागतं तिथं आली. आणि तिचं बोट थांबलं.

कोंडा नव्हता. कोंडा बोटाला कळतो, तांदळाच्या कण्यांसारखा लागतो, नखाला पांढरा येतो. इथं रुपयाएवढी जागा गुळगुळीत होती, आणि तिच्या कडेला खुंटासारखे आखूड केस, कापणीनंतर शेतात राहतात तसे. मधोमध खपली. बोट टेकलं तशी संध्यानं श्वास आत ओढला, पण मान तशीच ठेवली. सगुणानं बोट उचललं, पुन्हा तेलात बुडवलं, आणि दुसऱ्याच जागी चोळायला लागली. आपण असं का केलं ते तिला कळलं नाही. नाही, कळलं. तिच्या आईनं असंच केलं होतं.

बयाबाई, तिची आई. आता जिथं जुईनगर स्टेशन आहे त्याच्या अलीकडे तेव्हा खाडी आत यायची आणि मिठागराचे चौकोन उन्हात लकाकायचे. घराच्या मागं आडोसा होता, कुडाचा, आणि त्यात न्हाणीचा दगड. खाऱ्या वाऱ्यानं सगळ्या बायकांची डोकी राठ व्हायची, कोंडा तर घरचाच. बयाबाईचा हात त्याला नामी. तिच्या पाट्यावर आज मेथी, उद्या जास्वंदीची पानं, परवा रिठे. भाताची पेज ती डोक्यासाठी बाजूला काढून ठेवायची आणि बापानं मागितली तर म्हणायची, "तुमच्या पोटात रोज जाते, पोरींच्या डोक्याला एकदा जाऊदे." सगुणाचं लग्न पनवेलच्या बाजूला झालं आणि पहिल्या वर्षातच ती आईकडं आली, म्हणाली, डोक्यात कोंडा झालाय. आई दगडापाशी बसली, तेल घेतलं, बोटं फिरवली. बोट थांबलं. तेव्हा सगुणा पाठमोरी होती, तिला आईचं तोंड दिसलं नाही, पण पाठीला टेकलेले आईचे गुडघे एकदम कडक झाले ते तिला आत्ताही, सत्तरीच्या उंबऱ्यावर, पाठीत जाणवलं. मग आईचा आवाज आला, रोजच्यासारखा. "कोंडा झायलाय गो. मेथी लाव. दर आठवड्याला लाव. जाईल."

जाईल म्हणाली होती.

"आई, हात का थांबला?" संध्यानं विचारलं.

"तेल संपलं," सगुणा म्हणाली. वाटी अर्धी भरलेली होती.

दाराची कडी वाजली आणि जाहिदा आत आली. शेजारची जाहिदा, तळोज्याकडच्या गावातली, दोघी एकाच वर्षी या बिल्डिंगीत राहायला आल्या होत्या. हिच्या दारातली मासळी तिच्या दारात जायची आणि तिच्याकडची सांदणं हिच्याकडे. ओढणीच्या टोकात तिनं जास्वंदीची पानं आणली होती. "ही घे सगुणाताई. फुलं दोनच होती, एक आमच्या नातीनं, समरानं उचललं. म्हणते, फोटो काढायचाय. फुलाचा फोटो काढून काय करतात देव जाणे." संध्याकडे वाकून म्हणाली, "काय गो, नवरा सोडतो का दोन-दोन दिवस? आमचा मुख्तार बायको एक दिवस गेली तर दहा फोन करतो. चहाची पावडर कुठं हाय, साखर कुठं हाय. चाळीस वर्षाचा घोडा."

संध्या हसली. हसणं पुढे होतं, सगुणाला मागून फक्त मान दिसली, आणि मान हसत नव्हती.

जाहिदानं पातेल्यात डोकावलं. "लिंबू नाय पिळलंस अजून?"

"नाही पिळत."

"का? लिंबाशिवाय कोंडा जायाचा नाय ताई. तूच सांगतेस ना सगळ्यांना."

"नको आज."

लिंबू उघड्या कातडीला झोंबतं, हे जाहिदाला सांगायची गरज नव्हती. तिनं तीन सुना-लेकींची डोकी न्हाऊ घातली होती. तिची नजर सगुणाच्या डाव्या हातावर गेली. तो हात संध्याच्या डोक्यावर उगाचच पालथा ठेवलेला होता, ऊन लागू नये म्हणून ठेवावा तसा. जाहिदा थोडा वेळ तिथंच बघत राहिली. मग ओढणी सारखी करून म्हणाली, "मी घरीच हाय. दार नुसतं ओढलेलं हाय." आणि चप्पल न वाजवता गेली.

म्हणजे तिला कळलं. दोन मिनिटांत कळलं. आणि मला? सगुणा पानं हातावर चोळू लागली. बुळबुळीत हिरवा रस बोटांतून ओघळला. गणपतीत पोरगी आली होती तेव्हा भर उकाड्यात डोक्याला स्कार्फ बांधून आली होती. फॅशन, म्हणाली. त्याआधी भावाच्या, अभयच्या, मुलाच्या बारशाला आलीच नाही. तेजसला बरं नाही, असा निरोप. तेजस, जावई. जुईनगरला त्यांची स्वतःची बिल्डिंग, खाली दुकानं. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड, सासूच्या पाया पडताना पाठीत पूर्ण वाकणारा. लग्नात बायका म्हणाल्या होत्या, सगुणाबाई, तुमच्याच माहेरच्या मातीत पोरगी दिलीत. खरंच त्याच मातीत. जिथं न्हाणीचा दगड होता तिथं कुठंतरी आता लिफ्ट वर-खाली करत असेल. आपल्याला किती अभिमान वाटला होता. पोरगी सुखात आहे, असं ती कुणालाही सांगायची, न विचारता सांगायची. न विचारता का सांगत होते मी?

तिनं मेथी-दह्याचा लेप हातात घेतला आणि त्या जागेची कड सोडून लावायला सुरुवात केली. थंड लेप, खाली ऊन लागलेली टाळू. लावता लावता तिचंच डोकं आतून दुखायला लागलं, त्याच जागी. शिवा, तिचा नवरा, उजव्या हातानं धरायचा. वेणीला नाही, वेणीच्या मुळाशी. ओरडायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. नुसता धरायचा आणि डोकं मागं ओढायचा, विहिरीतून बादली ओढावी तसं, आणि ती काय बोलत होती ते तिथंच बंद व्हायचं. भात करपला म्हणून. माहेरी निरोप धाडला म्हणून. कधी कशानंच नाही. मग कधीतरी ते थांबलं. कधी थांबलं ते तिला आठवत नाही. शेवटचा दिवस असा कुणी सांगून करत नाही. अभयच्या पाठीवर संध्या झाली तेव्हा असेल, किंवा नव्या शहरासाठी जमिनी गेल्या आणि शिवा वर्षभर घरात गप्प बसून राहिला तेव्हा. आता तो म्हातारा झाला होता. गोळ्या तिच्या हातून घ्यायचा. रात्री कूस बदलताना म्हणायचा, सगुना, पांघरून नीट घे. गावात सांगायचा, माझी बायको लक्ष्मी हाय. आणि चाळीस वर्षं तिनं त्या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं, त्यानंही नाही. ती गोष्ट दोघांच्या मधे निजायची, इतकी जुनी झाली होती की तिचा त्रास होत नव्हता. निदान तसं सगुणाला वाटत होतं.

आज लेकीबद्दल तोंड उघडायचं तर ती गोष्टही उठून बसणार होती. एक बोलायचं आणि दुसरं गिळायचं, असं चालणार नव्हतं. पोरगी विचारील, तुला कसं कळलं? बोटाला कसं कळलं?

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. दोनदा, थांबून एकदा. चौथ्या मजल्यावर असे शंभर हॉर्न येतात. पण संध्याची मान तिच्या हाताखाली ताठ झाली आणि मानेतली शीर वर आली.

"तो आला," संध्या म्हणाली.

"तो तर संध्याकाळी येणार होता ना?"

"म्हणाला होता."

सगुणाच्या मनात ती दुसरी दुपार आली. आडोशाच्या बाहेर सायकलची घंटी वाजली होती. शिवा डांबरी रस्त्यावर उभा होता, आत यायला तयार नव्हता. घरातली रीत अशी की न्हालेल्या बाईनं केस वाळल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. बयाबाई त्या रीतीची पक्की. शेजारीण ओल्या केसांनी दारात आली तरी तिला आत घेऊन बसवून ठेवायची, केस उन्हात वाळवायला लावायची, मग सोडायची. त्या दिवशी त्याच बयाबाईनं घाईघाईत सगुणाच्या पाणी गळणाऱ्या केसांची वेणी घातली. घट्ट, त्या जागेवरून केस ओढून घेऊन, जागा दिसू नये अशी. आणि म्हणाली, "जा, तो थांबलाय." सायकलच्या मागं बसून जाताना वेणीचं पाणी पोलक्यातून पाठीवर उतरत होतं, शिकेकाईचा वास येत होता, आणि सगुणा विचार करत होती, आईला कळलं नाही. किती वर्षं तिनं असंच मानलं. आईला कळलं नाही, बिचारीचं बोट चुकलं. गुडघे कडक झालेले तिला तेव्हाही कळले होते. तरी.

बाहेरच्या खोलीत दार उघडल्याचा, शिवाच्या आवाजाचा, हसण्याचा गलका झाला. टीव्हीवर मॅच चालू होती. "या जावईबापू, या. सकालीच आलात."

"म्हटलं ट्रॅफिक लागायच्या आत घेऊन जातो मामा. कुठंय मॅडम?"

"मागं. डोक्याला कायतरी लावतात मायलेकी."

पावलं गॅलरीकडं आली. तेजस दारात उभा राहिला, पांढरा शर्ट, गॉगल केसांत सरकवलेला. "मामी, नमस्कार. काय हे, रेसिपी चाललीय का डोक्यावर? दहीवडा?" स्वतःच हसला. "संध्या, मी तुला स्पेशालिस्टकडे नेतो म्हटलं होतं ना? दहा हजाराचं पॅकेज करून देतो म्हटलं. नाही. हिला मेथीच पाहिजे."

"बरं वाटतं," संध्या म्हणाली. आवाज सपाट, शाळेत हजेरी द्यावी तसा.

"किती वेळ लागेल?"

"लेप वाळायला पाहिजे," सगुणा म्हणाली. "मग धुवायचं. मग केस वाळायचे."

"ड्रायर मारा ना मामी. टेन्शन काय. अर्ध्या तासात निघू." आणि संध्याच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, हलकेच, दोन बोटं. प्रेमानंच ठेवला. सगुणानं पाहिलं, तो खांदा आकसून खाली गेला होता. हात उचलून तो परत मॅचकडे गेला.

गॅलरीत पुन्हा ऊन आणि मेथीचा कडू वास. सगुणाचे हात पोरीच्या डोक्यावर तसेच. आणि मग तिला दिसलं, पाण्याच्या तळाशी पडलेलं भांडं दिसावं तसं स्वच्छ. पोरगी कोंड्यासाठी आलीच नव्हती. तिला बोलता येत नव्हतं म्हणून तिनं डोकं पुढं केलं होतं. माझ्या बोटांनी बघावं म्हणून. मीही तशीच गेले होते आईकडे. मीही डोकं पुढं केलं होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं. ओठ हलले की नाही तिलाच कळलं नाही.

गॅलरीच्या गजांवर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. "दुसऱ्या वर्षापासून," संध्या म्हणाली. "आई, तू लेप धुवून टाक. तो बसलाय. उशीर झाला की घरी गेल्यावर..." पुढचं तिनं सोडून दिलं.

सगुणा उठली. गुडघे बोलले. तिनं हाक मारली, "अहो, जरा इकडं या. गरम पाण्याचं पातेलं उचलायचंय."

शिवा आला. लेंग्यावर स्वेटर, कानटोपी, हातात रिमोट तसाच. पातेलं कुठंय म्हणून बघायला लागला. सगुणानं त्याचा उजवा हात धरला, रिमोट काढून स्टुलावर ठेवला, आणि लेपानं माखलेले संध्याचे केस दोन बाजूंना करून त्याचा अंगठा त्या जागेवर ठेवला. नुसता ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला.

त्याचा हात हल्ली कापायचा. आता कापायचा थांबला. अंगठ्यानं ती जागा आपोआप चाचपली, कडेचे खुंट, मधली खपली. त्या अंगठ्याला ती जागा ओळखीची होती. सगुणानं ते त्याच्या तोंडावर पाहिलं. म्हाताऱ्याचा खालचा ओठ लोंबला. तो संध्याकडं बघत नव्हता, सगुणाकडं बघत होता, आणि इतक्या वर्षांत कधी बघितलं नाही अशा नजरेनं, काहीतरी मागत. "कोंडा हाय?" तो म्हणाला. मग हळू, समजावल्यासारखं, "कोंडाच असंल गो."

एक शब्द तिच्यापुढे धरला होता त्यानं, स्वच्छ, घडी घातलेला. घेतला तर सगळं होतं तसं राहणार होतं. गोळ्या, पांघरूण, लक्ष्मी. बयाबाईनं घेतला होता.

"नाही," सगुणा म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे काय आहे ते."

खाली बसलेल्या संध्यानं मान वळवली. आधी बापाकडं पाहिलं, मग आईकडं, मग पुन्हा बापाच्या हाताकडं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, लहानपणी अंधारात ऐकलेला एखादा आवाज कुठून आला ते आज समजावं तसं.

शिवानं हात काढून घेतला. अंगठ्याला मेथी लागली होती. ती त्यानं पुसली नाही. रिमोट तिथंच विसरून तो बाहेर गेला. सगुणा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला वाटलं, हा आता जावयाला काही सांगणार नाही. शेजारी बसेल, स्कोअर विचारील. पुरुष पुरुषाच्या शेजारी बसतो. बाहेरून टीव्हीचा आवाज येत राहिला, कुणीतरी आउट झालं, लोक ओरडले. मग खाटकन आवाज बंद झाला. त्यानं प्लगच काढला असावा.

"केस ओले हायेत," शिवाचा आवाज आला. "ती आज येत नाय."

"वाळू देत ना मामा. थांबतो मी." तेजस अजून हसत होता.

"नाय वाळायचे."

"म्हणजे?"

"आज नाय वाळायचे. उद्या नाय. तू जा."

खुर्ची सरकली. तेजस आत यायला निघाला आणि सगुणा आडवी आली, दोन्ही हात लेपानं माखलेले, कोपरापर्यंत हिरवे. त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागतील इतक्या जवळ. तो अडखळला. "मामी, हिनं काय सांगितलं तुम्हाला? हिला ना सवय आहे, राईचा पर्वत..."

"तिनं काही नाही सांगितलं," सगुणा म्हणाली. "माझ्या बोटानं सांगितलं."

त्याचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मागच्या बाजूला जिन्यातलं दार करकरलं. जाहिदा दारात उभी होती, हातात काही नाही, नुसती उभी. तेजसनं तिच्याकडे पाहिलं, शिवाकडं पाहिलं. म्हातारा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "ठीक आहे," तेजस म्हणाला. "मोठी माणसं बसून बोलू." बूट घालायला तो वाकला, पूर्ण वाकला, पाया पडताना वाकायचा तसा. लिफ्ट खाली गेल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

सगुणानं पोरीचे केस त्या दिवशी तीन पाण्यांत धुतले. वेणी घातली नाही. केस उन्हात पसरून ती मागं बसून राहिली, ऊन भिंतीवर चढेपर्यंत.

नंतर मोठी माणसं बसली, पुष्कळदा बसली. तेजसकडच्यांनी आधी समजावलं, मग दटावलं, मग आळ घेतला. अभय सुरुवातीला म्हणाला, आई, सोसायटीत काय सांगायचं; बहिणीचं डोकं पाहिल्यावर त्यानंच वकील बघितला. सुटायला दोन वर्षं गेली. तेजस अजून जुईनगरलाच असतो, त्याची दुकानं चालतात, आणि पनवेलच्या एका लग्नात तो समोर आला तेव्हा त्यानं सगुणाला वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागं घेतले. संध्या खांदेश्वरला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्या जागी केस आले, पण पांढरे आले. ती रंगवत नाही. जाहिदाची समरा लग्न होऊन कल्याणला गेली. जाहिदा दर महिन्याला तिला मेथी दळून नेते आणि स्वतःच्या हातानं लावून येते.

शिवा चोविसाच्या पावसाळ्यात गेला. त्याआधी एका दुपारी तो खोबरेलाची वाटी घेऊन सगुणाच्या मागं येऊन उभा राहिला होता. वाटी कापत होती, तेल काठावरून सांडत होतं. "लावून देऊ?" म्हणाला. सगुणा भाजी निवडत होती. तिनं मान वळवली नाही. "ठेवा तिथं," ती म्हणाली. तो वाटी ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याबद्दल तिला वाईट वाटतं का, असं ती स्वतःला विचारते. कधी वाटतं. कधी नाही.

आता रविवारी संध्या तिच्या डोक्याला तेल लावते. सगुणाचे केस राहिलेत किती, मूठभर. पहिल्याच रविवारी संध्याचं बोट टाळूच्या मागं आलं, जिथं कधीच केस पुन्हा उगवले नाहीत तिथं, आणि थांबलं. तिचे गुडघे सगुणाच्या पाठीला टेकलेले होते. सगुणा वाट बघत राहिली. गुडघे कडक झाले नाहीत. बोट तिथंच राहिलं.

"आई," संध्या म्हणाली, "हे सांग."

ऊन चांगलं होतं, आणि केस वाळायला वेळ होता. सगुणानं सांगायला सुरुवात केली.